मग श्नीअर करायचा काय?

प्रश्न : मुलासोबत ‘द गोल्डन व्हॉयेज ऑफ सिंदबाद’ पुन्हा पाहिला. सहा हातांच्या कालीची तलवारबाजी बघून पोरगं थक्क! अशा बाहुल्या फोटोगणिक जराजरा हलवून पडद्यावर जिवंत करणाऱ्या रे हॅरीहाउसेनचं कौतुक सगळे करतात. पण त्याच्या इतक्या सिनेमांवर निर्माता म्हणून चार्ल्स श्नीअरचं नाव असतं. बाहुल्या एक जण हलवायचा, मग दुसरा काय करायचा? नुसते पैसे घालायचा? – एक वाचक, मिरज

उत्तर : पैसे बहुतेक वेळा कोलंबिया स्टुडिओचे असायचे. ते मिळवायचे आणि मिळाले तेवढ्यात भागवायचं, हे श्नीअरचं काम.

दोघांचा पहिला सिनेमा 1955चा, ‘इट केम फ्रॉम बिनीथ द सी’. त्यात अजस्र ऑक्टोपस सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल मोडतो. पूल इतका कच्चा दाखवला तर लोक धास्तावतील म्हणून शहरानं परवानगी नाकारली. मग बेकरीच्या गाडीत कॅमेरा लपवून पुलावरून चकरा मारल्या. आणि त्या ऑक्टोपसला हात सहाच! प्रत्येक हात म्हणजे सांध्यांचा वेगळा सांगाडा, शिवाय फ्रेमागणिक तो हलवायचा. दोन हात कमी म्हणजे खर्च कमी, वेळ कमी. उरलेले पाण्याखाली असतील, असं प्रेक्षक धरून चालतो.

1958च्या पहिल्या सिंदबादपटाच्या, ‘द सेव्हन्थ व्हॉयेज ऑफ सिंदबाद’च्या वेळी पंचाईत वेगळी होती. ‘ॲनिमेशन’ म्हटलं की लोकांना कार्टून वाटणार. श्नीअरच्या ब्युइक गाडीवर ‘डायनाफ्लो’ लिहिलेलं होतं, त्यावरून त्यानं ‘डायनामेशन’ हे नाव काढलं.

पण त्याचा खरा कस लागला तो थांबण्यात. ‘जेसन अँड द अर्गोनॉट्स’मधली (1963) सात सांगाड्यांची लढाई घ्या. पडद्यावर काही मिनिटं, करायला साडेचार महिने. सेकंदाला 24 फ्रेम लागतात आणि हॅरीहाउसेनच्या दिवसभरात सरासरी 13 व्हायच्या. नट आपापल्या घरी गेलेले, दिग्दर्शकाचं काम संपलेलं, एकटा माणूस खोलीत सांगाड्यांचे गुडघे वाकवतोय. स्टुडिओला रोज काय सांगणार? ‘आज अर्धा सेकंद झाला’?

मला ही ताकद कळली ती गेल्या गणपतीत. भाचीबरोबर शाडूचा उंदीर मोदकापर्यंत चालवायचा घाट घातला होता. सेकंदाला 12 फोटो धरले तरी दहा सेकंदांना 120. सत्तराव्याच्या सुमारास बहिणीनं चहा ठेवताना टेबलाला धक्का दिला. तोवर खिडकीतलं ऊनही कपाटावर चढलेलं. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या धक्क्यानंतर मीच म्हणालो, ‘उंदीर अर्ध्या वाटेत थांबला तरी चालेल गं.’ भाची अजून ते काढते. निर्माता म्हणून मी तिथेच नापास झालो.

श्नीअर असा 12 सिनेमे थांबला. शेवटचा 1981चा ‘क्लॅश ऑफ द टायटन्स’, केसांच्या जागी साप असलेल्या मेड्युसावाला. मधे त्यानं ‘हाफ अ सिक्सपेन्स’सारखी संगीतिकाही काढली, पण वळून पुन्हा राक्षसांकडेच आला.

आणि तुमच्या मुलाला थक्क करणारी ती काली. आपल्याकडच्या तसबिरींत तिला बहुधा चार हात असतात. श्नीअरनं ऑक्टोपसचे दोन वाचवले होते, ते इथे लावले म्हणायचे.