विषारी केमिकलच्या केसेस लढवायच्यात? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

प्रश्न : लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे, पण सायन्स कधी घेतलं नाही. या फिल्डमध्ये जमेल का?

जमेल की. डिग्री नको, पण केमिकलची सेफ्टी शीट वाचायचा कंटाळा येत असेल तर राहू द्या. सगळी केस दोन गोष्टींवर असते, या केमिकलने हा आजार होतो का, आणि ह्याच माणसाला तो त्यामुळेच झाला का. घोडं अडतं दुसऱ्यावर. समोरचा वकील विचारणारच, सिगारेट ओढायचे ना? फुप्फुसाचा कॅन्सर असेल तर हा प्रश्न टोचतो, पण अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारा मेसोथेलिओमा (फुप्फुसाभोवतीच्या आवरणाचा कॅन्सर) असेल तर सिगारेटचा त्याच्याशी संबंधच नाही, आणि हे उलटतपासणीच्या आधी माहीत हवं, घरी जाऊन गुगल करून काय उपयोग!

प्रश्न : रोजचं काम काय असतं? कोर्टात आर्ग्युमेंट?

ती फार कमी. पहिल्या भेटीत मी आजारापेक्षा कामाबद्दलच जास्त विचारते, ड्रमवर लेबल काय होतं, मास्क कापडी की फिल्टरवाला, डबा कुठे बसून खायचा, कामाचे कपडे कोण धुवायचं. एक बाई म्हणाल्या, मी तर कारखान्यात कधी पाऊलच टाकलं नाही, आणि पाचच मिनिटांत सांगतात की नवऱ्याचा ड्रेस रोज आधी झटकायचे, मग भिजवायचे. झालं, कपड्यांवरची विषारी धूळ रोज त्यांच्या श्वासात जायची, तिथेच केस सापडली.

प्रश्न : अशिलाने काम सोडून 30 वर्षं झालीत, केस टाकायची मुदत संपली ना?

लगेच नाही म्हणू नका. मेसोथेलिओमा दिसायलाच 20 ते 50 वर्षं लागतात, म्हणून बऱ्याच ठिकाणी मुदत आजार कळल्यापासून मोजतात. निदानाची तारीख पहिल्या कागदावर लिहा आणि तिथला कायदा त्याच दिवशी बघा.

प्रश्न : पैसे कधी मिळतात?

उशिरा, खूपच उशिरा. अमेरिकेतले वकील रॉब बिलॉट यांनी ड्यूपाँट या केमिकल कंपनीवर पहिली केस टाकली 1999 मध्ये, एका शेतकऱ्याच्या गाई मरत होत्या म्हणून. मग कंपनीच्या कागदपत्रांची लाखाच्या वर पानं चाळली, जवळपास 69,000 लोकांचं रक्त तपासलं गेलं, कंपनीच्या केमिकलचा सहा आजारांशी संबंध असल्याचं 2012 पर्यंत पुढे आलं आणि 67 कोटी डॉलरची तडजोड उजाडली थेट 2017 ला! मधला तज्ज्ञांचा खर्च बरेचदा वकिलाच्याच खिशातून जातो. जिंकलो तर टक्केवारी, ही पद्धत काही देशांत चालते, काही ठिकाणी बंदीच आहे. सुरुवातीला एकट्याने ऑफिस थाटू नका बाबांनो, आधी एखाद्या मोठ्या टीममध्ये घुसा.

प्रश्न : आत्ता कंपन्यांच्या बाजूने काम करतोय, नंतर इकडे येता येईल?

येईल. बिलॉटही आधी केमिकल कंपन्यांचीच कामं करायचे. फक्त ज्या कंपनीचं काम केलं तिच्याच विरुद्ध त्याच विषयात उभं राहता येत नाही, तेव्हा कुठल्या फाईलला हात लावला याची यादी आजपासूनच ठेवा.