मुलगी अमेरिकेत आठवीत जाणार आहे. तिथला इतिहास आणि ‘आर्ग्युमेंटेटिव्ह एसे’ (पुराव्यानिशी मत मांडणारा निबंध) यांची तयारी घरी कशी करून घ्यावी?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, “इतिहासच तर आहे, सुट्टीत सनावळ्या पाठ करून घेतल्या की भागेल, की ट्यूशन लावावी?” त्या ‘इतिहासच तर आहे’साठी लिहायला बसलेय.

मी इतिहासात एम.ए. केलंय, कोल्हापूरला. लग्न होऊन न्यू जर्सीत आले ती एच-४ व्हिसावर (इथे नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराला मिळतो तो), आणि सासरी झाडून सगळे इंजिनिअर. मोठे दीर पंधरा मिनिटांवर राहतात. माणूस लाख मोलाचा, आमच्या अडीअडचणीला रात्री-अपरात्री धावून आलेला. पण इतिहास म्हणजे पाठांतर, आणि पाठांतर म्हणजे फुकट घालवलेला वेळ, हे त्यांचं मत मी पहिल्या दिवाळीपासून ऐकत आलेय. माझ्या शिक्षणाबद्दल घरात कुणी वाईट बोललं नाही. कुणी काहीच बोललं नाही, आणि तेच जास्त लागायचं.

माझी लेक आठवीत होती तेव्हा ऑक्टोबरात शाळेतून कागदांचा एक गठ्ठा घरी आला. विषय ‘बोस्टन मॅसेकर’: ५ मार्च १७७०च्या रात्री ब्रिटिश सैनिकांनी बोस्टनच्या किंग स्ट्रीटवर जमावावर गोळ्या झाडल्या आणि पाच माणसं गेली. ह्या प्रकाराला कत्तल म्हणणं योग्य आहे का, तुमचं मत पुराव्यानिशी मांडा, असा प्रश्न होता. सोबत पॉल रिव्हिअरचं त्या रात्रीचं प्रसिद्ध चित्र आणि त्या सैनिकांचा अधिकारी कॅप्टन थॉमस प्रेस्टन याचा जबाब.

लेकीनं पहिला मसुदा अर्ध्या तासात लिहिला. सैनिक खुनी, पुरावा म्हणून चित्र, संपलं. मी तिला लिहिणं थांबवायला लावलं आणि चित्र जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवलं. म्हटलं, पाच मिनिटं काही लिहू नकोस, नुसती बघ.

आधी तिला दिसला पुढ्यात उभा असलेला कुत्रा. मग ती म्हणाली, “आई, हे तर रात्री नऊच्या सुमाराला झालं ना? मग आकाश निळं कसं?” वर कोपऱ्यात चंद्रकोर आहे, पण उजेड दिवसासारखा. सैनिक एका रेषेत उभे राहून एकदम गोळ्या झाडतायत आणि कॅप्टन मागून तलवार उगारून हुकूम देतोय. जमावाच्या हातात ना दांडकं ना बर्फाचा गोळा. सैनिकांमागच्या इमारतीवर पाटी काय, तर ‘बुचर्स हॉल’, म्हणजे खाटिकखाना. मी विचारलं, हे कुणी काढलं, कधी विकलं, कुणाला विकलं? रिव्हिअर ब्रिटिशांविरुद्धच्या गटातला, चित्राची मूळ कल्पना हेन्री पेल्हम या चित्रकाराची, आणि घटनेला महिना उलटायच्या आत ते विक्रीला आलेलं.

मग प्रेस्टनचा जबाब वाचला. तो म्हणतो, मी सैनिकांच्या पुढे उभा होतो, गोळीबाराचा हुकूम दिला असता तर पहिला मीच मेलो असतो. चित्रात मागे, जबाबात पुढे! लेक लगेच म्हणाली, म्हणजे चित्र खोटं. तिथंही मी तिला अडवलं. प्रेस्टनवर खुनाचा खटला होता, तो स्वतःची मान सोडवायला बोलणारच. त्याचा शब्द तरी आंधळेपणानं का घ्यायचा? इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी आपल्याला तेच शिकवलं की, बखरीत लिहिलंय म्हणून खरं मानू नका, अस्सल कागद शोधा. मी त्यांच्या पायाशी बसूनच शिकले असं मानते, म्हणून सांगते: हा कागद कुणाचा, कधीचा, कुणासाठी लिहिला, एवढं विचारायला येणं म्हणजे इतिहास येणं.

दुसरा मसुदा तयार झाला त्या रविवारी दीर जेवायला आले होते. त्यांनी तो वाचला आणि म्हणाले, “अगं, समोरच्याची बाजू हिनं कशाला लिहायची? आपलाच मुद्दा कच्चा होतो. काढून टाक तो परिच्छेद.” काकांनी सांगितलं म्हणून तिनं काढला. मी तेव्हा गप्प बसले. ते आजही सलतं.

निबंध परत आला. समोरच्या बाजूच्या रकान्यात चारपैकी एक गुण, आणि शिक्षिकेचा शेरा: विरोधात असलेला माणूस ह्यावर काय म्हणेल? पुन्हा लिहायची मुभा होती. त्या रात्री मी लेकीला सांगितलं की हे अमेरिकेचं खूळ नव्हे. आपल्याकडच्या शास्त्रांत आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याची बाजू मांडायची, तीही समोरच्यानं स्वतः मांडली असती तितक्या ताकदीनं. मग खंडन, मग सिद्धान्त. ज्याला पूर्वपक्ष नीट मांडता येत नाही त्याला स्वतःचं मतही कळलेलं नसतं.

ती तासभर बसली. नवा मुद्दा असा निघाला: पाच माणसं मेली हे खरं, पण कॅप्टननं हुकूम दिला हे सिद्ध होत नाही. रिव्हिअरचं चित्र त्या रात्रीचा पुरावा म्हणून चालणार नाही, रिव्हिअरला लोकांना काय वाटायला हवं होतं त्याचा पुरावा म्हणून चालेल. हे वाक्य माझं नाही, तेरा वर्षांच्या मुलीचं आहे. खटल्याचा निकालही तिनं शोधून घातला: सैनिकांची वकिली केली जॉन ॲडम्सनं, जो पुढे अमेरिकेचा दुसरा राष्ट्राध्यक्ष झाला. प्रेस्टन सुटला, आठांपैकी सहा सैनिक सुटले, दोघांना सदोष मनुष्यवधाबद्दल अंगठ्यावर डाग दिला गेला. ज्या गावात ही माणसं मेली त्याच गावात हा खटला चालला, हे लक्षात घ्या.

गुणांचं सांगत नाही, कारण मुद्दा तो नाही. दिरांना मी दुसरा आणि तिसरा मसुदा शेजारी-शेजारी ठेवून दाखवला. ते वाचून म्हणाले, “लिहिलंय चांगलं, पण शेवटी कामाला गणितच येतं.” मला हे मान्य नाही. दोन कागद एकमेकांविरुद्ध बोलत असताना कुणाचं किती खरं धरायचं, हे गणित शिकवत नाही, आणि हे न येणारी हुशार माणसं मी रोज बघते.

आता तुमच्या घरचं. सनावळ्या पाठ करून घेऊ नका, क्रम कळला की पुरे. तुम्हाला स्वतःला अमेरिकेचा इतिहास येत नाही म्हणता, तर ओळखीच्या दारानं आत जा. बोस्टनच्या बंदरात १७७३ साली बुडवलेल्या ३४२ पेट्या चहा ईस्ट इंडिया कंपनीचा होता, आपल्याकडचीच ती कंपनी. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात १७८१ला यॉर्कटाउनला शरण आलेला ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस १७८६ला गव्हर्नर जनरल होऊन भारतात आला. मुलीला हे सांगा, तिचे डोळे चमकतील.

वाद मराठीत घाला, लिखाण इंग्रजीत होऊ दे. मुद्दा पहिल्याच परिच्छेदात यायला हवा. आपल्याकडच्यासारखी सुभाषितानं सुरुवात आणि बोधानं शेवट इथं चालत नाही. अस्सल कागद लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि नॅशनल आर्काइव्ह्जच्या संकेतस्थळांवर फुकट आहेत. आणि मसुदा तुम्ही सुधारू नका, फक्त प्रश्न विचारा.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. अमेरिकेत एकच राष्ट्रीय अभ्यासक्रम नाही, कुठल्या इयत्तेत काय ते राज्य आणि स्कूल डिस्ट्रिक्टप्रमाणे (त्या भागातल्या शाळा चालवणारं मंडळ) बदलतं, तेव्हा शाळेला विचारून घ्या. आणि पूर्वपक्ष मांडायचा म्हणजे प्रत्येक विषयाला दोन सारख्या वजनाच्या बाजू असतात असं नव्हे. गुलामगिरीचा धडा येईल, १७८७च्या संविधानातला, राज्याची लोकसंख्या मोजताना एका गुलामाला तीन-पंचमांश माणूस धरणारा करार येईल. तो का झाला हे समजून घ्यायचं, पण तराजू समान धरायचा नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. हे मी लेकीला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नव्हती.

ट्यूशनचं म्हणाल तर इतिहासासाठी लावू नका. मुलीचं इंग्रजी वाचन इयत्तेच्या मागे असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तसं वाटत असेल तर शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात शाळेतल्या ईएसएलच्या (इंग्रजी मातृभाषा नसलेल्या मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्या) शिक्षिकेला भेटा, ती मदत सरकारी शाळेत शाळेतच मिळते आणि तिचे पैसे पडत नाहीत.