वाचकांचे प्रश्न : स्वतः खणून आणलेली माती

स्वतः खणलेल्या मातीची भांडी करू पाहणाऱ्या वाचकांची पत्रे बरीच साठली होती, म्हणून या वेळचे सदर त्याच विषयासाठी ठेवले आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : ओढ्याच्या कापलेल्या काठावर करड्या रंगाचा, ओला असताना अगदी गुळगुळीत लागणारा थर दिसला. ही माती भांड्यांना चालेल का, हे पोतेभर खणण्यापूर्वीच कसे ओळखावे?

उत्तर : गुळगुळीतपणावर विसंबू नका, कारण नदीचा बारीक पोयटाही बोटांना तितकाच गुळगुळीत लागतो आणि नवख्या माणसाला हमखास फसवतो. लिंबाएवढा ओला गोळा तळहातावर ठेवून हात जरा झटके देत हलवा. पोयटा असेल तर पाणी वर येऊन गोळा चकाकू लागतो आणि तोच गोळा बोटांनी दाबला की चकाकी क्षणात नाहीशी होते. खरी चिकणमाती अशी पाणी सोडत नाही. उलट तिच्यावरून नख ओढले, तर ओरखडा गुळगुळीत व चमकदार उमटतो. त्यानंतर पेन्सिलीच्या जाडीची वळी करून ती बोटाभोवती गुंडाळा. वळी न तुटता वेढा घेत असेल, तर माती पुढे तपासण्याजोगी आहे. वरवर किंचित भेगा पडल्या तरी निराश होण्याचे कारण नाही, कारण मळून आणि मुरवून चिकटाई वाढते.

या फरकाचे मूळ कणांच्या आकारात आणि घडणीत आहे. चिकणमातीचे कण साधारणपणे ०.००२ मिलिमीटरपेक्षा लहान व पत्र्यासारखे चपटे असतात. त्यांच्यामध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा राहिला की ते एकमेकांवरून सरकतात, पण एकमेकांना सोडत नाहीत. पोयट्याचे कण त्याहून मोठे आणि बहुतांशी गोटीसारखे असल्याने त्यांच्यात ही पकड नसते. काचेच्या बरणीत माती व पाणी ढवळून ठेवले, तर रेती मिनिटभरात तळाशी बसते, पोयटा काही तासांत बसतो आणि चिकणमाती दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवते. बरणीवरील थर पाहून मिश्रणाचा अंदाज येतो.

खणताना पालापाचोळ्याचा व मुळांचा वरचा थर बाजूला काढून खालची माती घ्यावी. जागेच्या मालकाची परवानगी घ्यावी आणि काठ आतून पोखरत जाऊ नये, कारण ओली दरड पूर्वसूचना न देता अंगावर कोसळते. कारखाना, खाण किंवा कचऱ्याचा ढीग जवळ असेल, तर माती कितीही सुरेख दिसली तरी ती भांड्यांसाठी घेऊ नये.

प्रश्न : खणून आणलेली ओली ढेकळे तशीच पाण्यात टाकली. आठवडा झाला, तरी ती आतून घट्टच आहेत. काय चुकले?

उत्तर : ढेकळे ओली होती, हेच चुकले. माती आधी उन्हात पूर्ण, अगदी गाभ्यापर्यंत सुकवावी लागते. कोरडे ढेकूळ पाण्यात पडले, की पाणी सर्व बाजूंनी आत शिरते, छिद्रांतील हवा कोंडून बाहेर पडू पाहते आणि ढेकूळ बुडबुडे सोडत काही मिनिटांत पापुद्र्यापापुद्र्याने कोसळते. ओलसर ढेकळाची छिद्रे आधीच भरलेली असल्याने त्यात हे काहीच घडत नाही. सुकलेली ढेकळे सुपारीएवढी फोडून, बादलीत भरपूर पाणी घेऊन त्यात हळूहळू सोडावीत आणि रात्रभर न ढवळता ठेवावीत.

दुसऱ्या दिवशी ताकासारखे पातळ होईपर्यंत ढवळून प्रथम जाड चाळणीतून व मग बारीक जाळीतून गाळावे. चाकावर काम करायचे असेल, तर ८० मेशची जाळी, म्हणजे सुमारे ०.१८ मिलिमीटरची छिद्रे, उत्तम. हाताने वळ्या रचून जाड भांडी करणाऱ्याला इतके गाळण्याची एरवी गरज नसते, किंबहुना थोडी रेती राहिलेली त्याच्या फायद्याचीच असते. गाळलेले मिश्रण दोन दिवस निवळले, की वरचे निवळ पाणी काढून उरलेली लापशी जुन्या चादरीच्या थैलीत टांगावी. थैलीतून थेंब गळायचे थांबले, बोटाला माती चिकटेनाशी झाली, की ती मळायला घ्यावी.

कोरडी माती कुटून चाळण्याचा झटपट मार्ग अनेकांनी सुचविला आहे. तो मी दोन कारणांसाठी टाळतो. पहिले म्हणजे त्या धुळीत सिलिकाचे अतिसूक्ष्म कण असतात आणि वर्षानुवर्षे ते श्वासातून गेल्यास सिलिकोसिस हा फुप्फुसांचा बरा न होणारा विकार जडतो. सांडलेली मातीदेखील कोरडी झाडू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. दुसरे कारण पुढच्या उत्तरात येईल.

प्रश्न : भट्टीतून भांडी अखंड निघाली. दहा-बारा दिवसांनी मात्र त्यांच्या अंगावरून बोटाच्या नखाएवढे टवके उडू लागले आणि प्रत्येक खळग्याच्या तळाशी पांढरा ठिपका दिसला. भाजण्यात दोष राहिला का?

उत्तर : भाजणी निर्दोष आहे, दोष त्या पांढऱ्या ठिपक्याचा आहे. मातीत चुनखडीचे बारीक खडे होते. भट्टीचे तापमान ८०० ते ९०० अंश सेल्सिअसच्या घरात पोहोचले, की चुनखडीतील कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे कळीचा चुना उरतो. हा चुना भांड्याच्या भिंतीत बंदिस्त असला, तरी हवेतील ओल छिद्रांतून त्याच्यापर्यंत पोहोचते. ओल शोषून तो फुलतो, त्याचे आकारमान जवळजवळ दुप्पट होते आणि वरची खपली उडते. कोरड्या हवेत याला महिनाही लागू शकतो. माझ्या पहिल्या भट्टीतील एका रांजणाची मी पंधरा दिवस सर्वांना दाखवून शाबासकी घेतली होती, त्यानंतर तो रोज सकाळी एक टवका टाकू लागला.

यावरचा खरा इलाज गाळणीतच आहे. पाण्यात माती विरघळते, चुन्याचा खडा मात्र तसाच राहतो व जाळीवर अडकतो. कोरडी माती कुटली, तर तोच खडा फुटून बारीक होतो आणि चाळणीतून मातीसोबत खाली उतरतो. कुटण्याला विरोध करण्याचे दुसरे कारण हेच. पिठासारखा बारीक होऊन सर्वत्र मिसळलेला चुना टवके उडवत नाही, तो फार तर भाजलेल्या मातीचा तांबडा रंग पिवळटपणाकडे नेतो. त्रास होतो तो डोळ्यांना दिसणाऱ्या कणांचा, आणि कुटताना नेमके तेच मोठ्या संख्येने तयार होतात.

मातीत चुना आहे का, हे पाहण्यासाठी कोरड्या चुऱ्यावर व्हिनेगर टाकावे. फसफसले तर चुना आहे. सगळीकडे मंद फेस आला, तर तो बारीक पसरलेला आहे आणि ठराविक ठिपक्यांवरच जोराने बुडबुडे आले, तर खडे आहेत. आधीच भाजून झालेली भांडी वाचवायची असतील, तर भट्टीतून काढताच, हाताला सोसवेल इतकी ऊन असताना ती पाण्यात पूर्ण बुडवावीत. भरपूर पाणी एकदम मिळाल्यास चुना मऊ होऊन छिद्रांत पसरतो आणि पुष्कळदा टवका उडत नाही. आपल्या भांड्यांसाठी ही वेळ टळली आहे.

प्रश्न : सावलीत वाळवूनही प्रत्येक भांड्याला काठापासून खाली उभी चीर जाते. माती अतिशय चिकट असून शेतात ती उन्हाळ्यात हातभर भेगाळते.

उत्तर : शेतातील भेगांनीच उत्तर दिले आहे. अशा मातीत बहुधा माँटमोरिलोनाइट हे खनिज भरपूर असते. ते आपल्या थरांच्या आतही पाणी धरून ठेवते व वाळताना तितकेच आकसते. मातीची पट्टी करून तिच्यावर बरोबर १०० मिलिमीटरची खूण करा आणि ती पूर्ण वाळल्यावर मोजा. ९२ भरली, तर आकुंचन ८ टक्के आहे आणि ते चालण्यासारखे आहे. ८५ भरली, तर ही माती एकटी उभी राहणार नाही. तिच्यात बारीक रेती किंवा खापरांचा भुगा १० टक्क्यांपासून सुरू करून ३० टक्क्यांपर्यंत निरनिराळ्या प्रमाणांत घालावा, प्रत्येक प्रमाणाची पट्टी करून तिच्यावर आकडा कोरावा. खापरांचा भुगा मला अधिक पसंत आहे, कारण तो एकदा भाजून आकसून झालेला असतो. रेतीतील क्वार्ट्झ मात्र ५७३ अंशांना एकाएकी फुगतो आणि थंड होताना तिथेच पुन्हा आक्रसतो.

प्रश्न : माती वर्षभर मुरवावी लागते का?

उत्तर : नाही. दोन-तीन आठवडे ओलसर झाकून ठेवल्यास फरक हाताला जाणवतो. वास आला, तर माती बिघडली असे समजू नये.

प्रश्न : भट्टी किती तापमानापर्यंत न्यावी?

उत्तर : सुमारे ६०० अंशांच्या खाली भाजलेली माती पाण्यात पुन्हा चिखल होऊ शकते, कारण कणांच्या रचनेत बांधलेले पाणी तोवर पुरते सुटलेले नसते. लोहयुक्त तांबड्या माती बहुधा ९५० ते १०५० अंशांच्या दरम्यान चांगल्या पक्क्या होतात आणि ११०० च्या पुढे त्यांतील अनेक फुगतात किंवा वितळतात. आपली माती यांपैकी कोणत्या वळणाची आहे, हे त्या मातीची पट्टी भाजून पाहिली की कळेल. मात्र ती पट्टी भट्टीच्या फळीवर थेट ठेवू नका, जुन्या खापरीच्या वाटीत ठेवा. वितळलेली माती फळीला चिकटली, की ती छिन्नीनेच काढावी लागते आणि तिच्यासोबत फळीचा तुकडाही येतो.