घरी बनवलेली बुलेट दहा-बारा किलोमीटरवर बंद पडते, इंजिन उघडावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुन्या कास्ट आयर्न इंजिनच्या 350 बुलेटची घरीच बॉबर (जादा भाग काढून हलकी, सुटसुटीत केलेली गाडी) केली, टाकी पत्र्याची नवीन बनवून घेतली, इंजिनात नवा पिस्टन घातला. पहिल्या तिन्ही राइडला गाडी दहा-बारा किलोमीटरवर बंद पडली आणि दहा मिनिटं थांबल्यावर परत सुरू झाली. मिस्त्री म्हणतात पिस्टन टाईट बसलाय, इंजिन उघडू. उघडू द्यावं का, आणि पुढच्या आठवड्यात ताम्हिणीला नेली तर चालेल का?

नका उघडू देऊ. निदान या आठवड्यात तरी नाही.

एरवी अशा प्रश्नांना मी उत्तरं देत नाही, पण याच लक्षणावर, याच निदानाने आमच्या बॉबरचा चांगला बोअर (सिलिंडरची आतली भिंत) वाया गेलाय, म्हणून लिहितो. तीही 350 कास्ट आयर्नच, 70 बाय 90 मिमीचं लाँग स्ट्रोक इंजिन, साडेआठ लिटरची घरगुती टाकी. अकराव्या किलोमीटरला खोकायची, ओढ जायची, बंद. ओळखीच्या मिस्त्रींनी लांबूनच निकाल दिला: क्लिअरन्स, म्हणजे पिस्टन आणि सिलिंडरमधली फट, कमी आहे. हेड-बॅरल उतरलं, चार थाऊचा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) क्लिअरन्स होनिंग करून, म्हणजे सिलिंडर आतून घासून, सहा थाऊ केला. त्यानंतर थंड इंजिनवर पिस्टनची टकटक ऐकू येऊ लागली, गाडी ऑइल खाऊ लागली आणि अकराव्या किलोमीटरला बंद पडायची ती पडतच राहिली.

दोष टाकीच्या झाकणात होता. झाकणाखालचं वायसर आपणच जुन्या ट्यूबचं कापून घातलेलं. हवा आत जाण्याचं बारीक भोक त्या रबराखाली झाकलं गेलं होतं, आणि ट्यूबचं रबर पेट्रोलमध्ये फुगतं, त्यामुळे दोन दिवसांत ते आणखी घट्ट बसलं. आता हिशेब बघा. कार्बोरेटरच्या बुलेटला पेट्रोल पंप नाही, पेट्रोल फक्त उंचीच्या जोरावर उतरतं. टाकीतली पातळी कार्बोरेटरपेक्षा पंचवीसेक सेंटीमीटर वर असेल तर तो जोर हवेच्या दाबाच्या जेमतेम दोन टक्के भरतो. म्हणजे झाकण हवाबंद असेल तर टाकीतल्या हवेचा दाब दोन टक्के उतरला की धार थांबते. टाकीत चार लिटर हवा असेल तर साधारण 80 मिली पेट्रोल वापरलं की खेळ संपला, शिवाय कार्बोरेटरच्या बाऊलमध्ये (तळाच्या वाटीत) उरलेलं असेल तेवढं. प्रत्यक्षात झाकणातून थोडी हवा झिरपत राहते, म्हणून दोन-तीन किलोमीटरच्या जागी दहा-अकरा होतात. आणि दहा मिनिटं थांबलं की तेवढ्या वेळात हवा आत शिरते, गाडी सुरू होते, आणि सगळे म्हणतात, बघा, थंड झाली की चालते!

इथेच पिस्टनवाल्यांचं म्हणणं पडतं. टाकी काठोकाठ भरली तर आत हवा कमी, म्हणजे गाडी लवकर बंद पडायला हवी, आणि आमची तशीच पडायची: फुल टाकीला दोन-तीन किलोमीटर, अर्ध्या टाकीला अकरा. पिस्टनला टाकी किती भरली आहे याच्याशी काय देणंघेणं? दुसरं, पहाटेच्या गारव्यात हमखास बंद पडायची, पण दुपारी उन्हात उभी करून काढली तर कधीकधी वीस-पंचवीस किलोमीटर नीट जायची. उन्हात टाकी तापते, आतली हवा आणि पेट्रोलची वाफ फुगते, दाब भरून निघतो. पिस्टन टाईट असता तर उलटं झालं असतं, भर दुपारी आधी जाम झाला असता. तुमची गाडी तिन्ही वेळा किती वाजता बंद पडली आणि टाकीत किती पेट्रोल होतं, ते आठवा. याच दोन गोष्टी मिस्त्रींनी आधी विचारायला हव्या होत्या.

बंद पडण्याची पद्धतही बरंच सांगते. पेट्रोल तुटलं तर गाडी खोकते, मिसिंग करते, थ्रॉटल दिला तर उलट दबते, आणि बंद झाल्यावर किक नेहमीसारखी फिरते. करंट तुटला तर बटण दाबल्यासारखी एका क्षणात गप्प होते. पिस्टन धरला तर आधी कोणीतरी मागून ओढल्यासारखा वेग उतरतो, किक जड होते किंवा हलतच नाही, आणि मागून बॅरल उघडलं तर पिस्टनच्या स्कर्टवर (खालच्या बाजूला) उभे ओरखडे दिसतात. किक हलकी असताना पिस्टन टाईट म्हणणाऱ्याच्या हातात पाना देऊ नये.

तर पुढची राइड अशी करा. पहाटे, टाकी पूर्ण भरून, घरापासून दोन-तीन किलोमीटरच्या फेरीत. बंद पडली की लगेच, तीस सेकंदांच्या आत, टाकीचं झाकण उघडा आणि कान द्या. सुस्स आवाज आला आणि दोन-चार किकांत गाडी लागली तर निदान झालं. नाही लागली तर टाकीचं झाकण लावून लगेच दुसरा प्लग कॅपला लावून, सिलिंडरच्या फिनला (बाहेरच्या पातीला) टेकवून किक मारा. स्पार्क गायब असेल तर कंडेन्सर किंवा कॉइल. पॉइंटचं (स्पार्कसाठी करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचं) झाकण काढून अंधारात बघा: पॉइंट उघडताना जाड पिवळट ठिणगी मारत असतील तर कंडेन्सर गेला. थंड असताना चालून गरम झाल्यावर मरणारा कंडेन्सर ही नेहमीची गोष्ट आहे, आणि तो स्वस्त आहे. पॉइंटचा गॅप 0.35 ते 0.40 मिमी, तोही फिलर गेजने, ब्लेडच्या पत्त्याने नव्हे.

रस्त्यावर जायचं नसेल तर घरीही कळतं. कार्बोरेटरकडून पेट्रोलची नळी काढा, मोजपट्टीच्या बाटलीत सोडा, टाकीचं झाकण लावून पेट्रोलचा कॉक उघडा. 60 च्या वेगाला, 35 च्या ॲव्हरेजला, इंजिनाला मिनिटाला 30 मिलीसुद्धा लागत नाही. कॉकमधून मिनिटाला 150-200 मिली आलं तर भरपूर झालं. पण पहिल्या मिनिटावर थांबू नका, पाच मिनिटं मोजा. पहिल्या मिनिटाला जाड धार आणि तिसऱ्या-चौथ्याला थेंब थेंब, मग झाकण उघडताच पुन्हा धार, असं झालं तर दोष झाकणात. सुरुवातीपासूनच धार बारीक असेल तर कॉकची जाळी बघा. नव्या पत्र्याच्या टाकीत वेल्डिंगची खपली आणि गंज असतोच, टाकी धुऊनही पहिल्या दोन-तीन टाक्यांपर्यंत तो खाली येत राहतो. नळीत पारदर्शक फिल्टर घाला, पण नळी गरम हेडवरून वळवून नेऊ नका आणि मध्ये वरची कमान ठेवू नका, हवा अडकते.

झाकणाची दुरुस्ती पाच मिनिटांची आहे. वायसर कॉर्कचं किंवा पेट्रोल सोसणाऱ्या रबराचं, भोक सोडून कापलेलं. शोभेचं क्रोमचं झाकण घेतलं असेल आणि त्याला भोकच नसेल तर आतल्या पत्र्याला दीड मिमीचं भोक पाडा. आतलं आणि बाहेरचं भोक समोरासमोर येऊ देऊ नका, नाहीतर ब्रेक मारला की पेट्रोल मांडीवर.

माझं मत उघड आहे: घरी बनवलेल्या गाडीत पहिल्या शंभर किलोमीटरला जे बिघडतं ते बहुतेक वेळा आपण हात लावलेल्या भागात असतं. टाकी, वायरिंग, ब्रॅकेट, पावडर कोटिंग. मिस्त्रींना इंजिन येतं म्हणून त्यांना दोष इंजिनात दिसतो.

पावडर कोटिंगचं विशेष सांगतो, कारण बॉबर म्हटलं की फ्रेम कोट केलेली असणारच. हा थर साधारण 60 ते 100 मायक्रॉनचा आणि वीज न वाहणारा. इंजिन प्लेटच्या भोकांत, कोन सेटच्या (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगच्या) कपांच्या जागी, चाकाच्या एक्सलच्या तोंडावर तो राहिला तर तीन वेगळे त्रास होतात. एक, अर्थिंग जात नाही. हेडलाइट लावला की हॉर्न घोगरा होतो, ब्रेक दाबला की लाइट मंद, अँपिअर मीटरचा काटा नाचतो. मल्टिमीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवा, काळी पिन बॅटरीच्या मायनसला, लाल सिलिंडरच्या फिनला, चावी चालू, पॉइंट मिटलेले. 0.2 व्होल्टच्या आत असेल तर ठीक, अर्धा-एक व्होल्ट दिसला तर अर्थ कच्चा आहे. मग लाल पिन फ्रेमला लावून, हेडलाइट चालू करून पुन्हा बघा. फ्रेमवर एक जागा पत्रा चमकेपर्यंत घासा, दातेरी वायसर घाला, बॅटरीच्या मायनसपासून एक जाड वायर थेट इंजिनला आणि एक फ्रेमला न्या. जिथे वायरिंग टी पाशी (हँडल आणि फोर्क धरणाऱ्या जोडापाशी) वळतं तिथे हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, ताण येऊ नये. आणि फ्यूज घाला हो, जुन्या बुलेटला नव्हता म्हणून नको, हे कारण नाही.

दुसरा त्रास: बोल्टखालचा कोटिंगचा थर दाबाने बसतो आणि घट्ट आवळलेला बोल्ट पहिल्याच राइडनंतर सैल मिळतो. तो तुटायच्या आत सापडला पाहिजे. म्हणून पहिल्या पाच किलोमीटरनंतर, मग पंचवीसनंतर, मग शंभरनंतर सगळ्या बोल्टांवरून पाना फिरवा. इंजिन माउंटिंग, एक्सल, ब्रेकची अँकर पट्टी, सायलेन्सरचा ब्रॅकेट, चेन स्प्रॉकेट. आवळल्यावर नट आणि फ्रेमवर मिळून पेंटची एक रेघ ओढा, रेघ तुटलेली दिसली की हलला. निळं थ्रेडलॉक किंवा नायलॉन नट वापरा. सायलेन्सरच्या जवळ नायलॉन नको, वितळतं. मडगार्डचे पातळ स्टे भोकापाशीच चिरतात, लांब स्टे असेल तर रबर वायसर दोन्हीकडून.

तिसरा, कोन सेट. कप नीट बसले नसतील तर शंभर किलोमीटरमध्ये बसतात आणि टी ढिला होतो. पुढचं चाक उचलून फोर्कचं खालचं टोक मागे-पुढे ओढा, टकटक जाणवली तर ढिला. ढिला असेल तर 60-70 ला हँडल थरथरतं. उलट फार आवळला तर हळू वेगात गाडी सरळच जात नाही, दारू प्यायल्यासारखी डुलते.

चेन: मागे जाड टायर घातला असेल तर दोरी धरून पुढचं-मागचं स्प्रॉकेट एका रेषेत आहे का बघा, चेन टायरला घासतेय का हेही. ढील 25-30 मिमी, गाडीवर माणूस बसवून, आणि चाक फिरवून चेन जिथे सर्वांत ताठ होते तिथे मोजा. ब्रेक: नवे शू पूर्ण टेकत नाहीत, पहिले काही किलोमीटर ब्रेक निम्माच लागेल हे धरून चाला. ब्रेक लागतो तेव्हा ड्रमचा आर्म आणि केबल काटकोनाच्या आसपास असावी, पुढे गेली तर जोर वाया जातो.

राइडला निघायच्या आधी रॉकरला (हेडमधल्या व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाला) जाणाऱ्या बाहेरच्या ऑइल पाइपचा बोल्ट थोडा ढिला करून, इंजिन चालू ठेवून, तिथे ऑइल येतंय ना एवढं बघा. रॉकरला ढकलणारा पुशरॉड थंड इंजिनवर बोटांनी फिरला पाहिजे, वर-खाली हलता कामा नये.

खुला फिल्टर आणि मोकळा सायलेन्सर लावला असेल तर मिश्रण पातळ होतं, कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं मुख्य भोक) एक-दोन नंबर मोठा लागतो. सुईची क्लिप एक खाच खाली घातली की सुई वर येते, मिश्रण जाड होतं. एअर स्क्रू बाहेर काढला की पातळ. एका वेळी एकच गोष्ट बदला. प्लग काढून रंग बघा, बिस्किटाचा हवा. मात्र इथेनॉलच्या पेट्रोलवर तो फिकटच दिसतो, त्यावरून घाबरून जेट वाढवत बसू नका.

आता थोडं माझ्याविरुद्ध. तुमचा पिस्टन खरंच टाईट असू शकतो, लेथवाल्याने क्लिअरन्स किती ठेवला ते विचारा. बुलेटच्या जुन्या बॅरलला तीन थाऊच्या खाली असेल तर मिस्त्रींचं म्हणणं ऐकून घ्या.  आणि फ्रेम कापून वेल्ड केली असेल तर रस्त्यावर ती बेकायदा आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये मूळ बनावटीत असे बदल चालणार नाहीत असं सांगितलंय, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 182A मध्ये प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अपघात झाला तर विमा कंपनी आधी तेच बघेल. चेसिस नंबर असलेला भाग तर कुणाच्या सांगण्यावरूनही घासू-कापू नका.

ताम्हिणीचं म्हणाल तर आधी हे शंभर किलोमीटर घराच्या आसपास काढा, घाटात बऱ्याच पट्ट्यात मोबाईलला रेंज नाही. नव्या पिस्टनवर पहिले 500 किलोमीटर 50 च्या वर ओढू नका, म्हणजे चढाला दुसऱ्या गिअरमध्ये रडवण्याचा प्रश्नही नको.

आधी बाटलीची चाचणी करा. पाचही मिनिटांचे आकडे वेगवेगळे लिहून कळवा, आणि झाकणाखालचं वायसर कशाचं आहे तेही.