वाट पाहण्याचा तुम्हाला त्रास होतो की त्यात मजा वाटते?

कशाची वाट पाहतोय त्यावर आहे. आमची यवतमाळ जिल्ह्यात कोरडवाहू शेती. पऱ्हाटी म्हणजे कपाशी, आणि मधे तुरीची तासं, म्हणजे ओळी. वाट पाहणं हे वखरणी-डवरणीसारखंच एक काम. माझा अनुभव एवढाच की काही खूण दिसत असेल तर वाट पाहणं जड जात नाही. खूणच नसेल तर माणूस घरच्यांवर खेकसायला लागतो.

पावसाचं घ्या. लोकांना वाटतं, पाऊस येईपर्यंतचे दिवस कठीण. ते सोपे असतात हो! ७ जूनच्या सुमारास मृग लागतो, तोवर वावर तयार असतं, बियाणं घरात येऊन पडलेलं असतं, आणि पाऊस नाही तर कोणालाच नाही. खरी परीक्षा पहिला दमदार पाऊस पडल्यावर. शेजाऱ्याची टोबणी, म्हणजे हातानं बी लावणं, सुरू झालेली, बाया त्याच्या वावरात निघालेल्या, त्या उद्या आपल्याकडे येतील याचा भरवसा नाही, आणि आपण धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून म्हणायचं, अजून नाही.

कृषी विभाग दरवर्षी सांगतो, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. मी विळ्यानं वीतभर उकरून बघतो. वरची ओल खालच्या ओलीला मिळाली का? मधे कोरडा थर असेल तर गप घरी यायचं. मिळाली असेल तर खालची माती मुठीत दाबायची. हाताला चिकटली तर थांबा, भुरभुरली तर आणखी थांबा. गोळा झाला आणि खाली टाकल्यावर फुटला, की वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल. बीटी कपाशीच्या बियाण्याचं ४७५ ग्रॅमचं पाकीट २०२५ मध्ये ९०१ रुपयांना होतं. घाईनं टोबलं आणि पावसानं दडी मारली, तर पुन्हा नवं पाकीट, पुन्हा मजुरी. धूळपेरणीवालेही आहेत, कोरड्या मातीत बी टाकून मोकळे होतात. एखाद्या वर्षी तेच सगळ्यांच्या पुढं जातात. माझी तेवढी छाती नाही.

टोबल्यावर मात्र मजाच. पाच-सहा दिवसांनी ढेकळाच्या कडेनं वाकलेली मान वर येते, डोक्यावर सरकीचं टरफल तसंच. म्हातारी माणसंही तासातासानं वाकून बघत फिरतात. कुठं उगवलं नाही तिथं नांग्या भरायच्या.

खूण हवीच असते माणसाला. बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी वावरात घट मांडतात. गोलात अठरा धान्यं, मधल्या खड्ड्यात चार ढेकळं, त्यांवर पाण्याची घागर. दुसऱ्या दिवशी पहाटे कोणतं ढेकूळ किती भिजलं त्यावरून पावसाच्या चार महिन्यांचं भाकीत. शास्त्रीय आधार काही नाही, माझा विश्वासही नाही. तरी सकाळी व्हॉट्सॲपवर भाकीत आलं की सगळ्यांत आधी मीच वाचतो!

भावाची वाट पाहणं मात्र नको रे बाबा. २०२२ च्या सुरुवातीला कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. पुढच्या हंगामात त्याच आशेनं गावोगावी लोकांनी कापूस घरात धरून ठेवला आणि भाव उतरत गेला. आभाळ निदान काळं की पांढरं ते दिसतं. सरकीचा भाव, गाठींची आयात, अमेरिकेतला वायदा, यातलं धुऱ्यावरून काय दिसणार? वर घरात साठवलेल्या कापसानं ऊन तापलं की अंगाला खाज सुटते. पुढची खोली छतापर्यंत भरलेली, आणि आम्ही रोज मोबाईलवर भाव बघणार. शेवटी आमची माय वैतागून म्हणते, "भाव येईन तवा येईन, आंधी पोरायले निजाले जागा करून दे."