'तुझी केळी कापून टाकेन' अशी धमकी मिळालीय. रात्री बागेत कुणी दिसला तर आधी वार करावा का?

नाही, नुसत्या संशयावर हात उचलू नका. भारतीय न्याय संहितेचं कलम 40 पहिला घाव बसेपर्यंत थांबा असं म्हणत नाही, पण भीती रास्त हवी. विळा उगारून अंगावर येणारा वेगळा आणि अंधारात ठिबकच्या नळीवर वाकलेला वेगळा. रावेर-यावलकडे पंपाला रात्रीची वीज असली की तो वाकलेला माणूस तुमचाच सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, असू शकतो! आधी लांबूनच बॅटरी मारा, हाक द्या, 112 लावा. पोलिसांना बोलवायला वेळ असेल तर कलम 37 प्रमाणे बचावाचा हक्कच उरत नाही. धमकीची तक्रार आजच ठाण्यात लेखी द्या, पोच घ्या. आणि कुंपणात करंट तर अजिबात सोडू नका. तारेला चोर कळत नाही, शेजारचं पोरही कळत नाही. मात्र हत्यार घेऊन कुणी खरंच धावून आला, तर जीव वाचवण्यापुरता प्रतिकार करता येतो. तो पळाला की तिथेच थांबायचं.