कॅप्टनला ‘नाही’ म्हणताना

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद. फ्लाइट डिस्पॅचर झालीस, पेढे पोचले. या कामात, म्हणजे उड्डाणाचा प्लॅन आणि इंधन तपासून त्यावर सही करण्यात, सगळ्यात अवघड काय, असं विचारलंस. हवामानाचे तक्ते, वजनाचा हिशेब हे सगळं हाताखालून गेलं की जमतं. अवघड असतं ते प्रवासी विमानात बसलेले असताना कॅप्टनला ‘नाही’ म्हणणं. तू फुटबॉलवेडी, म्हणून शापेकोएन्सेचंच उदाहरण देतो.

ब्राझीलमधल्या शापेको गावचा हा क्लब 2009 साली चौथ्या श्रेणीत खेळत होता, 2014 साली पहिल्या श्रेणीत पोचला. 2016 च्या कोपा सुदामेरिकाना या दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांच्या स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात शेवटच्या क्षणी गोलकीपर दानिलोनं पायानं चेंडू अडवला आणि संघ अंतिम फेरीत गेला. अंतिम सामना खेळायला 28 नोव्हेंबरच्या रात्री ते बोलिव्हियातल्या सांताक्रूझहून कोलंबियातल्या मेदेयीनला निघाले. विमान लामिया कंपनीचं, चार्टर. त्याच महिन्यात मेस्सीचा अर्जेंटिना संघही याच कंपनीनं नेला होता, म्हणजे नाव अगदीच अनोळखी नव्हतं.

आता फ्लाइट प्लॅन बघ. उड्डाणाचा अंदाजे वेळ 4 तास 22 मिनिटं. विमानातलं इंधन पुरेल तो वेळ, तोही 4 तास 22 मिनिटं! पर्यायी विमानतळापर्यंतचं इंधन, त्यावर शेवटची राखीव अर्ध्या तासाची शिल्लक, यातलं काहीच नाही. हे कळायला तुझी परीक्षासुद्धा लागत नाही. सांताक्रूझच्या विमानतळावर प्लॅन तपासणाऱ्या बाईंनी यावर बोट ठेवलंही होतं. पण विमान सुटलं. पुढे त्यांच्यावरच ठपका आला, तेव्हा उड्डाण रोखण्याचा अधिकार आपल्याला नव्हता, असं त्यांनी सांगितलं. विमान चालवणारा कॅप्टन कंपनीचा भागीदारही होता. इंधनाचा खर्च ज्याच्या खिशातून जायचा, इंधन किती घ्यायचं हे ठरवणाराही तोच. अशा जोडीपासून सावध राहा.

वाटेत बोगोटाला उतरता आलं असतं. ते उतरले नाहीत. मेदेयीनजवळ दुसऱ्या एका विमानाला इंधनगळतीच्या संशयामुळे आधी उतरू दिलं जात होतं, म्हणून यांना होल्डिंगमध्ये, म्हणजे उतरायची पाळी येईपर्यंत हवेतच, घिरट्या घालाव्या लागल्या. तरी कॅप्टननं आधी नुसतं प्राधान्य मागितलं. इंधनाची आणीबाणी असल्याचं सांगितलं तेव्हा हातात काही मिनिटंच उरली होती. मग एकेक करत चारही इंजिनं बंद पडली आणि विमान डोंगरावर आदळलं. 77 पैकी 71 जण गेले, त्यांत 19 खेळाडू. सहा वाचले. दानिलो ढिगाऱ्यातून जिवंत निघाला होता, पण तोही गेला. याला ‘नियतीचा घाला’ म्हणणारे लेख वाचले की मला राग येतो. हिशेब कागदावर होता, उड्डाणाच्या आधीपासून.

आणि हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. 1990 साली मेदेयीनहूनच न्यूयॉर्कला निघालेलं आव्हियांका या कोलंबियन कंपनीचं बोइंग 707 असंच इंधन संपून पडलं, 73 जण गेले. तिथेही वैमानिकांनी प्राधान्य मागितलं, आणीबाणी कधीच जाहीर केली नाही. जमिनीवरून विमानांना वाट देणाऱ्या कंट्रोलरला तुमच्या टाकीतलं दिसत नसतं. म्हणून आता ‘मिनिमम फ्युएल’ (आणखी उशीर झाला तर राखीव इंधनाला हात लागेल) आणि ‘मेडे फ्युएल’ (इंधनाची आणीबाणी) हे ठरलेले संदेश आहेत. ते पाठ कर, आणि ते वापरण्यात कमीपणा मानणारा कॅप्टन भेटला तर त्याच्याशी वाद घालायची तयारी ठेव.

तुला माहीतच असेल, अंतिम सामन्यातला प्रतिस्पर्धी अतलेतिको नासिओनाल यानं स्वतःच विजेतेपद शापेकोएन्सेला द्या असं सांगितलं आणि ते दिलं गेलं. मोठेपणा खराच. पण तुझं काम त्याच्या कितीतरी आधीचं आहे.

रुजू झालीस की पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी कर. कंपनीच्या मॅन्युअलमधलं इंधनाचं प्रकरण स्वतः वाच, कोणाच्या तोंडून ऐकू नकोस. आणि रात्रपाळीत कॅप्टनशी इंधनावरून मतभेद झाला तर फोन कोणाला करायचा, हे लेखी विचारून घे. आक्षेप घेशील तो वेळेसकट नोंदवहीत लिही. उत्तर देणारा कोणी नसेल तर प्लॅनवर सही करू नकोस, विमान कितीही उशिरा सुटो. आरडाओरडा होईल. मलाही फोन कर हवं तर, झोपलेलो असलो तरी.

तुझा,
काका